अभियांत्रिकीच्या पदव्या: पायऱ्या आधी, जिना नंतर

पदविका, पदवी, पदव्युत्तर पदवी, पीएचडी. माहितीपत्रकात हा क्रम असा छापलेला असतो की कुणीतरी एकदाच बसून तळापासून गच्चीपर्यंत जिना बांधला असावा असे वाटते. प्रत्यक्षात या पायऱ्या वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या गरजेपोटी बसल्या. एक तर चक्क भांडून मिळवलेली आहे.

आधी पदवी नव्हतीच. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कालवे बांधणाऱ्या जेम्स ब्रिंडलीला लिहिता-वाचता जेमतेमच येत असे. जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी करायची आणि हात बसला की स्वतंत्र कामे घ्यायची, ही तिथली रीत. फ्रान्समध्ये रस्ते आणि पूल हे सरकारी काम, म्हणून त्यासाठी माणसे घडवणारी 'एकोल दे पाँ ए शोसे' ही शाळा १७४७ मध्ये पॅरिसला निघाली. पुढे १७९४ मध्ये एकोल पोलितेक्निक आली. आधी गणित, मग पूल, हा तिचा खाक्या पुढे जगभर उचलला गेला.

इंग्रजी मुलखात पहिली पदवी दिली ती अमेरिकेतल्या ट्रॉय इथल्या रेन्सेलर संस्थेने, १८३५ मध्ये. पदवीचे नाव 'सिव्हिल इंजिनिअर'. पदवी आणि पेशा एकच. 'बॅचलर' हा शब्द त्यात कुठेच नाही. (आणि 'सिव्हिल' म्हणजे बिगरलष्करी. तोवर इंजिनिअर म्हटले की तोफा आणि तटबंदी डोळ्यांपुढे येत.)

गंमत म्हणजे डॉक्टरेटने पदव्युत्तर पदवीचा नीट जम बसण्याची वाट पाहिलीच नाही. येल विद्यापीठाने १८६३ मध्ये विलार्ड गिब्जला अभियांत्रिकीतली पीएचडी दिली. विषय होता दंतचक्रांच्या दात्यांचा आकार. पुढे उष्मागतिकीत, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्रात, ज्याचे नाव अजरामर झाले, त्याचा प्रबंध दात्यावर दाता कसा सरकतो यावर होता!

भांडण झाले ते जर्मनीत. तिथल्या तंत्र-महाशाळा शिकवत उत्तम, पण डॉक्टरेट देण्याचा हक्क फक्त विद्यापीठांचा, आणि कारखान्याच्या माणसांना 'डॉक्टर' म्हणायला विद्यापीठे राजी नव्हती. अखेर ऑक्टोबर १८९९ मध्ये कैसर दुसऱ्या विल्हेल्मने प्रशियातल्या तंत्र-महाशाळांना तो हक्क बहाल केला. विद्यापीठांचे समाधान म्हणून एक पाचर मारून ठेवली: त्यांच्या डॉक्टरेट लॅटिनमध्ये, ही मात्र जर्मनमध्ये, 'डॉक्टर-इंगेनिअर', मध्ये जोडरेघ देऊन. हिणवण्यासाठी आलेली ती रेघ आजही तिथले अभियंते अभिमानाने लावतात. त्याच वेळी 'डिप्लोम-इंगेनिअर' ही पदवीही आली. ती सलग, साधारण पाच वर्षांची. अधेमध्ये बॅचलरचा थांबा नाही.

पदव्युत्तर पदवीची कथा कमी रंगतदार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनिक्स, अणुऊर्जा, नियंत्रणशास्त्र असे विषय वाढले, ते चार वर्षांत मावेनात, आणि वर एक-दोन वर्षांचा मजला चढला. युरोपात १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्याने सलग अभ्यासक्रम फोडून बॅचलर आणि मास्टर असे दोन टप्पे करायला लावले. जर्मनीतल्या बऱ्याच प्राध्यापकांचा जुन्या 'डिप्लोम'साठी जीव तुटला. ड्रेस्डेनच्या तंत्र-विद्यापीठाने तर तो काही शाखांत टिकवून ठेवला.

पदविकेला तोलामोलाची जागा मात्र फार उशिरा मिळाली. एका देशाची अभियांत्रिकी पदवी दुसऱ्याने मानावी यासाठी वॉशिंग्टन करार झाला १९८९ मध्ये. पदवी आणि पदविका यांच्या मधल्या तंत्रज्ञान-पदवीसाठी सिडनी करार २००१ चा. आणि साइटवर, प्रयोगशाळेत, यंत्राशेजारी प्रत्यक्ष उभ्या असणाऱ्या तंत्रज्ञांच्या पात्रतेसाठी डब्लिन करार झाला तो २००२ मध्ये, म्हणजे पदवीच्या करारानंतर तेरा वर्षांनी.