पार्श्वभूमी: मुरलेली की विटलेली?

भरदार पांढऱ्या वाईनच्या चाखणी-टिपणात 'अक्रोड' हा शब्द आला, तर ते कौतुक की तक्रार? एकेकाळी हा प्रश्नच पडत नसे. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातली शार्डोने द्राक्षाची पांढरी वाईन 228 लिटरच्या ओकच्या पिंपात आंबवून यीस्टच्या गाळावर ठेवायची, बाटलीत दहा-पंधरा वर्षं मुरू द्यायची आणि मग मध, हेझलनट, भाजलेला पाव अशी विशेषणं लावायची, हा शिरस्ता होता. शेजारच्या ज्युरात तर 'व्हाँ जोन' (पिवळी वाईन) पिंपात घट भरून न काढता, यीस्टच्या सायीखाली किमान 60 महिने ठेवतात. अक्रोडाचा वास तिथे हवाच असतो. त्यामागचं सोटोलोन हे संयुग मेथीदाण्यालाही त्याचा वास देतं.

1976 साली पॅरिसमध्ये लेबल झाकून झालेल्या फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईनच्या चाचणीत कॅलिफोर्नियाची शार्डोने पांढऱ्यांत पहिली आली. पुढे जगभर ओक आणि लोण्याच्या वासाची लाट आली, मग तिचा कंटाळाही आला. तो भाग सर्वपरिचित आहे.

खरा गुंता बर्गंडीच्या 1995 आणि 1996 च्या हंगामांनी केला. 1996 च्या वाईनमध्ये आम्लता खणखणीत होती, त्यामुळे ती दीर्घकाळ टिकेल या खात्रीने लोकांनी पेट्या साठवल्या. नवं शतक उजाडल्यावर बाटल्या उघडल्या, तर आत गडद सोनेरी रंग, सुकलेलं सफरचंद आणि तोच अक्रोड. तेही एका बाटलीत; त्याच पेटीतली दुसरी ठणठणीत.

या प्रकाराला 'प्रीमॉक्स', म्हणजे अकाली ऑक्सिडेशन (ऑक्सिजन लागून वाईन वेळेआधी उतरणं), हे नाव पडलं. गोम 'अकाली' या शब्दात आहे. हा वासाचा शब्दच नाही, काळाचा आहे. पंचवीस वर्षांच्या बाटलीत ज्या वासाला दाद मिळते, तोच सात वर्षांच्या बाटलीत दोष ठरतो. लेबल झाकून चाखणाऱ्याने मग काय लिहायचं? माझ्या मते नाकापेक्षा जिभेवर भिस्त ठेवावी. मुरलेल्या वाईनमध्ये अक्रोडामागे फळ आणि पोत शिल्लक असतो, विटलेलीत घोट मध्येच तुटतो.

कारणांवरून वाद झाला तो वेगळाच. उत्पादकांनी आधी बुचांवर खापर फोडलं. बुचांचा दर्जा सारखा नव्हता हे खरं, आणि एकाच पेटीतल्या बाटल्यांमधला फरक त्यानेच नीट उलगडतो. पण त्याच सुमारास वाईनला ऑक्सिजनपासून जपणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण कमी केलं गेलं, गाळ वारंवार ढवळण्याची टूम निघाली आणि द्राक्षं पिळायला हलक्या दाबाचे हवेवर चालणारे प्रेस आले. जुन्या प्रेसमधून निघणाऱ्या गढूळ रसातली फिनॉल नावाची संयुगं आंबण्यापूर्वीच ऑक्सिजनशी झुंजून गळून पडत. नव्या प्रेसच्या स्वच्छ रसात ती सुरुवातीला तशीच राहून गेली आणि ती झुंज पुढे बाटलीत झाली. सल्फर कमी करण्याचा निर्णय शुद्धतेच्या नावाखाली मिरवला गेला, त्याचा हिशोब मात्र फारसा कुणी मांडला नाही.

पुढे उलटी फेरी झाली. सल्फर वाढला, ढवळणं कमी झालं, अखंड बुचाऐवजी बुचाचा चुरा दाबून बनवलेली बुचं आणि काही ठिकाणी स्क्रूकॅप आली. वाईन ऑक्सिजनपासून इतकी जपली जाऊ लागली, की पेल्यातून नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास येऊ लागला. तो गंधकाच्या संयुगांचा असतो, पण टिपणांत त्याला बेधडक 'गारगोटी' म्हणतात आणि वाईन टिकेल याची खूणही मानतात. वासाची मात्रा वाढली, की तीच माणसं त्याला दोष म्हणतात.