दंडावरचं ते काळं ट्रायबल आलं कुठून

सोलापुरात कुठल्याही टॅटूवाल्याकडे गेलात तर एक डिझाईन हमखास दिसतं, दंडाला वेढा घातलेलं, टोकदार, आतून गच्च काळं भरलेलं, आणि त्याला सगळे नुसतं ट्रायबल म्हणतात. मी स्वतः असलीच डिझाईन्स काढतो म्हणून मला ते नीट माहीत करून घ्यावंसं वाटलं, की ट्रायबल म्हणजे नक्की कुठल्या जमातीचं.

तर ते कुठल्याच एका जमातीचं नाही. टॅटू हा शब्दच पॉलिनेशियातल्या, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या, टाटाउवरून आलाय, १७६९ मध्ये कॅप्टन कुकचं जहाज ताहितीला लागलं, त्या सफरीनंतर तो इंग्रजीत गेला. तिथल्याच सामोआत पुरुषांचं कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं गोंदण असतं, पेआ म्हणतात, ते हाडाच्या नाहीतर डुकराच्या सुळ्याच्या दातेरी फणीवर काठीने ठोकून ठोकून काढतात, कित्येक दिवस चालतं. मिशनरी आले तरी तिथे हे टिकलं, मार्केसास बेटांवर मात्र बंदी आली आणि अंगभर गोंदायची पद्धत जवळपास संपलीच, नंतर जुनी चित्रं बघून लोकांनी ती परत उभी केली.

बोर्निओच्या इबान लोकांचं तर मला फार आवडतं, खांद्यावर वांग्याचं फूल! बुंगा तेरुंग. पोरगा घर सोडून पहिल्यांदा लांब निघाला की ते काढायचे, मधोमध एक गुंडाळी, ती जिवाची दोरी.

हे सगळं एकत्र झालं अमेरिकेत. फिलिपिनो वंशाचा टॅटूवाला लिओ झुलुएटा बोर्निओ, पॉलिनेशियाचे जुने नमुने गोळा करायचा, १९८२ मध्ये डॉन एड हार्डी या अमेरिकन टॅटूवाल्याच्या टॅटूटाइम मासिकाचा पहिला अंक न्यू ट्रायबलिझमवर निघाला, त्यात त्याचं काम होतं. तिथून ही स्टाईल पसरली आणि नव्वदीत जगभर दंडादंडावर गेली, अर्थ मागेच राहिले.

पण झुलुएटाने एक गोष्ट धरून ठेवली ती खरी महत्त्वाची, डिझाईन अंगाच्या वळणाने जायला पाहिजे. आपल्या चादरीची नक्षी सपाट कापडावर बसते, दंड गोल असतो, हात वळला की कागदावर सरळ वाटणारी रेघ पिळते, म्हणून मी आता आधी पेनाने थेट हातावरच काढतो, मग कागदावर उतरवतो. मोकळी सोडलेली कातडी पण डिझाईनच असते, ती अगदी अरुंद ठेवली तर काही वर्षांत दोन्हीकडचा काळा रंग पसरून गायब होते.

आजीच्या मनगटावर तुळस आहे, लहानपणी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत गोंदलेली. ठिपके आता फुगून हिरवट झालेत, तरी चार हातांवरून तुळस म्हणून ओळखू येते, कारण गोंदणारणीने ठिपक्या-ठिपक्यांत भरपूर जागा सोडली होती.