म्हातारचळ, सून आणि गोव्यातला एक प्रयोग

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळं होण्याची आपली जुनी सवय. आठवण आणि समज हरपत जाण्याच्या आजारासाठी (डिमेन्शिया) शब्दही तसाच, म्हातारचळ. त्यासाठी आता वापरला जाणारा ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेत आहे, पण तिथे त्याचं मूळ क्रोधात आहे, म्हातारपणात नाही.

या आजाराच्या एका प्रकाराला ज्यांचं नाव मिळालं, त्या डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी जर्मनीत १९०६ मध्ये आपल्या रुग्ण बाईच्या मेंदूतले बदल मांडले. त्यानंतर कित्येक दशकं उपचार म्हणजे फक्त सांभाळ. १९५०च्या दशकाअखेरीस अमेरिकेत एक पद्धत निघाली : फळ्यावर वार, तारीख, गावाचं नाव लिहायचं आणि रुग्णाला पुन्हापुन्हा भानावर आणायचं. हेतू चांगला, पण आजींनी ‘आई कुठंय?’ विचारलं की ‘ती वारली’ असं खरं सांगायचं, आणि आजींना दर वेळी नव्याने रडू फुटायचं! पुढे ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी आजाराआधी माणूस बघायला शिकवलं. तिथल्याच संशोधकांनी गप्पा, गाणी, शब्दखेळ यांची १४ सत्रं बसवली. २००३ मध्ये त्यांचा उपयोग चाचणीत दिसला.

आपल्याकडे चित्र वेगळं, कारण इथे रुग्ण संस्थेत नसतो, घरात असतो. केरळात १९९२ पासून अल्झायमर संघटना उभी राहिली. गोव्यातल्या अभ्यासात मात्र एक अवघड गोष्ट पुढे आली. लोकांना लक्षणं ओळखता येत होती, पण ती वयाची किंवा मुलांनी हेळसांड केल्याची खूण मानली जात होती. जेवून पाच मिनिटं झाली नाहीत तोच सासूबाई शेजारणीला सांगणार, ‘मला सकाळपासून कुणी विचारलं नाही.’ मग बोल कुणाला लागणार? सुनेलाच.

म्हणून बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर जो प्रयोग झाला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोळीपेक्षा त्याचा भर घरी जाण्यावर होता. प्रशिक्षण दिलेले सल्लागार सहा महिने घरी जात, हा आजार आहे हे समजावत, रोजचं कसं निभवायचं ते सांगत. गरज पडली तर पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. रुग्णांच्या वागण्यात ठाम म्हणावा असा फरक नव्हता. सांभाळणाऱ्यांचा मानसिक त्रास मात्र कमी झाला होता.