नुसता डिंक जास्त घालून जोड पक्का होत नाही

घरच्या घरी डिझायनर टेबल करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: फट राहिली तर लाकडाचा भुसा आणि पांढरा डिंक (फेविकॉलसारखा) कालवून भरा, जोड दगडासारखा होतो.

वरून तो कडक लागतो, म्हणून समज पसरणं साहजिक आहे. पण या डिंकात बरंच पाणी असतं. पाणी उडालं की जाड थर आक्रसतो, आत पोकळ्या राहतात. भुसाही लाकूड नव्हे. त्यातले तंतू तुटलेले असतात. डिंकाची खरी ताकद दोन सपाट पृष्ठांमधल्या पातळ थरात असते.

खात्री करायला एकाच पट्टीचे चार तुकडे घ्या. एक जोडी लांब कडांना रंधा मारून, कडेला कड घट्ट दाबून चिकटवा. दुसरीत दोन मिलिमीटर फट ठेवून डिंकात कालवलेला भुसा भरा. 24 तासांनी दोन्ही मोडून पाहा. पहिलीत सहसा लाकूडच फाटतं, दुसरी भरावातून सुटते.

डिंक लावण्याआधी कोरडी जुळणी करा. फटीत साधा कागद सरकला तर पुन्हा रंधा मारा. दाबल्यावर कडेला बारीक थेंब यावेत. काहीच आलं नाही तर डिंक कमी पडला. क्लॅम्प (जोड दाबून धरणारा शिकंजा) किमान तासभर ठेवा. नसेल तर दोरी गुंडाळून काठीने पीळ द्या, छान दाब येतो. पट्टीचं आडवं कापलेलं टोक डिंक पिऊन टाकतं, तिथे आधी डिंकाचा एक पातळ हात द्यावा आणि 25 मिलिमीटर जाडीला आठ मिलिमीटरचे दोन डॉवेल (गोल लाकडी खुंट्या) घालावेत. भुशाचा लगदा खिळ्यांची भोकं बुजवायला उत्तम.