बीचवरची शॅक आणि दिवाडीवरचं हॉटेल

“हॉटेल बरं आहे, मासे ताजे आहेत, पण समोर सगळा चिखल, आणि वास येतो. मालकानं जरा स्वच्छता ठेवायला नको?” गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी किंवा चोडण बेटावर जेवून आलेल्या बेळगावकराची ही ठरलेली तक्रार. रविवारी गेलेला मित्र सोमवारी ऑफिसात हेच सांगतो, मोबाइलवर तीन तारे देऊन मोकळा होतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा कळंगुटच्या बीचवरची शॅक. शॅकचं माप घेऊन बेटावर गेलं की हे होणारच. काठावर टेबल मांडलंय, समोर पाणी आहे, ताटात मासा आहे, एवढ्यावरून दोन्हीकडे एकच अनुभव मिळेल असं धरून चालायचं आणि मग रुसायचं.

शॅक कोणाला समजावून सांगायची गरज नाही. चोर्ला घाट उतरून कळंगुट-बागाला गेला नाही असा बेळगाव-खानापूरचा तरुण शोधून दाखवा. वाळूत रुतलेली खुर्ची, समोर लाटा, बाजूला कुणाचा तरी स्पीकर. शॅक म्हणजे हंगामी मांडव, पावसाच्या तोंडावर उतरवतात. बेटावरचं हॉटेल पक्क्या भिंतींचं, बहुतेकदा घरालाच जोडलेलं, पावसातही चालू असू शकतं. हे सगळं किरकोळ.

जाण्यायेण्याचंही फार नाही. चोडणला मयेकडून रस्त्याने जाता येतं. दिवाडीला पूल नाही, फेरीबोट पकडावी लागते. बेळगावकडून जाताना पणजीला वळसा घालायची गरजच नसते. साखळी, डिचोली, नार्वे, तिथल्या धक्क्यावरून दिवाडी. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळही नार्व्यालाच आहे, आणि तो देव मूळचा दिवाडीचा. शेवटची फेरी किती वाजता हे उतरतानाच फेरीबोटवाल्याला विचारून ठेवा. बिल आल्यावर वेटरला विचारून उपयोग नाही.

आता मुद्द्याकडे येतो, कारण सगळी गफलत इथेच आहे.

आपण नदीची माणसं. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय बघत वाढलो. आपल्या डोक्यातली नदी एकाच दिशेनं वाहते, पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात आटते, आणि मधेच पाणी वाढलं तर कोणीतरी धरणाचे दरवाजे उघडलेले असतात. बेटावरच्या एका हॉटेलात आमच्याच बाजूच्या एका काकांनी वेटरला अगदी गंभीरपणे विचारलेलं मी ऐकलंय, “आज पाणी सोडलं नाही वाटतं?” वेटर बिचारा पाण्याची बाटली घेऊन आला.

दिवाडीसमोरची मांडवी रोज दोनदा भरते, दोनदा ओसरते, आणि भरतीच्या वेळी चक्क उलटी वाहते. समुद्राची भरती-ओहोटी या नदीत आतवर, थेट गांजे गावापर्यंत पोचते, म्हणजे मुखापासून साधारण पन्नास किलोमीटर. बीचवरही भरती-ओहोटी असते, पण तिथं ओहोटीला फक्त वाळू रुंद होते. शॅकमधल्या माणसाला वाटतं, वा, चालायला जागा झाली. नदीत काठ उतरता आणि चिखलाचा. पाणी माणसाच्या उंचीएवढं खाली गेलं की टेबलासमोर उघडा पडतो तो गाळ आणि खारफुटीची मुळं. हॉटेल तेच, टेबल तेच, पण सकाळी अकराला गेलेला आणि संध्याकाळी पाचला गेलेला अशी दोन माणसं एकमेकांना खोटं ठरवतील.

वासाचंही तेच. खारफुटीची पानं त्या गाळात हवेशिवाय कुजतात, त्यातून गंधकाचा वायू सुटतो, म्हणून सडक्या अंड्यासारखा वास येतो. गटाराचा वास निराळा. हा वास मालकानं फिनेल ओतून जाणार नाही, आणि जाऊही नये, कारण तुम्ही ताटात मागवलेली कुर्ली, म्हणजे खेकडा, याच गाळावर पोसलेली असते. तोंड वाकडं करण्याआधी पाच मिनिटं खाली बघा. निवट्या नावाचे छोटे मासे शेपटीवर उड्या मारत चिखलातून सरकतात, आणि एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले छोटे खेकडे बिळाच्या तोंडाशी ती नांगी वर-खाली हलवत बसलेले असतात. बीचवर पैसे देऊनही हे दिसणार नाही.

मग नदी भरेल तेव्हाच जायचं असेल तर? त्यासाठी ॲप लागत नाही, भिंतीवरचं पंचांग पुरतं. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ आली. पक्ष शुद्ध असो की वद्य, फरक नाही. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या पुढं-मागं ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आत नदीत पाणी पोचायला थोडा उशीर होतो, म्हणून अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा.

यावरून सरळ निघतं ते असं. दुपारच्या जेवणाला जायचं तर पौर्णिमा, अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उत्तम, पाणी कठड्याच्या जवळ असतं. चतुर्थीला भरती दुपारी तीनला येते, वेळ झकास, पण संकष्टी असेल तर तुम्ही मासे खाणार नाही. नवमी-दशमीला एक-दीड वाजता जेवायला बसाल तर ऐन ओहोटी. आणि सगळ्यांत मोठा घोळ पौर्णिमेच्या संध्याकाळचा. चंद्र उगवताना पाण्यात बघायचा म्हणून हौशी मंडळी नेमकी तेव्हा जातात. त्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, आणि साडेपाच-सहाला पाणी तळाला गेलेलं असतं. चंद्र दिसतो, चिखलावर. सूर्यास्ताला भरलेली नदी हवी असेल तर सप्तमी-अष्टमी धरा. अर्ध्या चंद्रात काही कमी नसतं.

पाण्याच्या रंगाबद्दलही बोलून टाकतो. पाणी गढूळ दिसतं ते गाळामुळे, आणि पावसाळ्यात त्यातला बराच गाळ आपल्याकडचा. ही मांडवी म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यातून उतरणारी म्हादई. कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघून आपण नमस्कार करतो, ती पूर्वेला जाते, आणि त्याच डोंगराचं पश्चिमेकडचं पाणी दिवाडीला वळसा घालून समुद्राला मिळतं. पावसात ती इथं गोडी असते, एप्रिल-मेमध्ये खारट. म्हादईच्या पाण्यावरून एवढे मोर्चे बघितलेल्या आपल्या लोकांनी तेच पाणी समोर आल्यावर “घाण” म्हणावं, याची मला जरा गंमत वाटते.

ताटाबद्दल माझं मत पक्कं आहे. बेटावर बसून सुरमई मागवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. सुरमई समुद्राची, ती शॅकमध्ये खा, तीही हंगामात. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना बंदी असते, तेव्हाची सुरमई बहुधा बर्फातली. नदीकाठी नदीचं खावं: शेवटा, काळुंदर, चणाक हे मासे, कुर्ल्या, आणि खुबे म्हणजे शिंपल्या. खाजन, म्हणजे खारं पाणी बांधानं अडवून केलेली शेतं; त्यांच्या बांधाला मानस असते, म्हणजे लाकडी दरवाजा. भरतीला तो मिटतो, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतो, आणि तिथं जाळं लावून सुंगटं धरतात. म्हणजे कोळंबीसुद्धा ओहोटीच्या वेळेवर अवलंबून. “आज काय आलंय?” एवढंच विचारा, मेनूकार्ड बाजूला ठेवा. आणि “चणाक म्हणजे काय, काटे किती, पनीर आहे का” असं विचारणाऱ्यांनी खरंच शॅकला जावं, तिथं सगळं मिळतं.

पोहायचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. शेजारच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, आणि मगरी नसल्या तरी गाळात पाय रुतला की भरतीचं पाणी थांबत नाही. ज्यांना जेवणाआधी लाटांत डुंबायचं आहे, मुलांना वाळूत सोडायचं आहे, त्यांनी बीच गाठावा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त बेटावर जायचं ठरलं तर गाडीत बसण्याआधी कालनिर्णय उलटून तिथी बघा, आणि ओहोटीत पोचलात तर धक्क्याचा उतार बघून गाडी जपून घाला, बंपर घासतो.