एनपीटीईएलवर डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स: प्रवेश मोफत, पण परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो

"मॅडम, सगळ्या असाइनमेंट झाल्या, आता हॉल तिकीट कुठून काढायचं?" हा फोन मला जवळजवळ दर सत्रात येतो. पलीकडचं पोर मन लावून शिकलेलं असतं, असाइनमेंटचे मार्कही चांगले असतात, पण परीक्षेचा अर्ज भरलेलाच नसतो. कोर्सला 'जॉइन' केलं की परीक्षेलाही नाव लागलं, असा समज झालेला असतो. एकदा मुदत टळली की मेंटॉर म्हणून माझ्या हातात काहीच राहत नाही. कोर्स पुन्हा सुरू होईपर्यंत थांबायचं आणि पहिल्या आठवड्यापासून सगळं नव्याने करायचं. हे टळावं म्हणून ही माहिती लिहिते आहे.

सात आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली एनपीटीईएल हा ऑनलाइन शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. आज त्याचे प्रमाणपत्राचे कोर्स केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर चालतात. वर्षाला दोन सत्रं असतात, एक जानेवारीत आणि एक जुलैत सुरू होतं. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स या नावाने एकाहून जास्त कोर्स आहेत. आयआयटी रोपारच्या सुदर्शन अय्यंगार सरांचा कोर्स छोट्या छोट्या व्हिडिओंत, गप्पा मारत शिकवल्यासारखा आहे. बारावीनंतर गणिताची भीती बसलेल्यांना मी तोच सुचवते. ट्रिपल आयटी बेंगळुरूच्या आशिष चौधुरी सरांचा कोर्स सिद्धतांवर जास्त भर देतो, आणि एम.टेक.च्या प्रवेशाची 'गेट' परीक्षा देणाऱ्यांना तो मानवतो. दोन्ही बारा आठवड्यांचे आहेत. दर सत्रात दोन्ही असतीलच असं नाही, त्यामुळे आधी त्या सत्राची यादी पाहा.

कोणाला करता येतो?

कोणालाही. टक्केवारीची अट नाही, शाखेचं बंधन नाही, प्रवेश परीक्षा नाही. बीएस्सीची मुलं करतात, नोकरी करणारे करतात, शिक्षकही करतात. बारावीपर्यंतचं गणित आलेलं असलं की पुरे. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन इथे जवळपास लागतच नाही. लॉजिक, संच, रिलेशन, इंडक्शन, मोजणीच्या युक्त्या आणि ग्राफ थिअरी हा इथला मुख्य माल. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात सेकंड इयर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला हाच विषय 'डिस्क्रीट स्ट्रक्चर्स अँड ग्राफ थिअरी' म्हणून होता.

क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे गुणांक, हवं असेल तर मात्र पात्रतेचा प्रश्न तुमच्या कॉलेजात सुटतो. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करायला विद्यापीठ परवानगी देऊ शकतं. 'देऊ शकतं' हे शब्द नीट वाचा. तुमच्या विभागाने हा कोर्स त्या सत्रासाठी मान्य केला आहे का आणि तो कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या, आणि तेही कोर्स सुरू होण्याआधी. बारा आठवड्यांच्या कोर्सला साधारण ३ क्रेडिट धरतात.

पहिली पायरी: नाव नोंदणी

स्वयमवर ईमेलने लॉगिन करा, कोर्स शोधा आणि 'जॉइन' दाबा. याला पैसे लागत नाहीत, कागद लागत नाहीत. एकच गोष्ट जपा, ती म्हणजे ईमेल. ज्या ईमेलने जॉइन कराल त्याच ईमेलने पुढे परीक्षेचा अर्ज भरायचा असतो. कॉलेजचा ईमेल वापरला आणि पास आउट झाल्यावर तो बंद पडला, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. स्वतःचा, कायम राहणारा ईमेल द्या. तुमचं कॉलेज एनपीटीईएलचं लोकल चॅप्टर, म्हणजे त्यांच्याशी जोडलेलं कॉलेज, असेल तर प्रोफाइलमध्ये कॉलेजचं नाव यादीतूनच निवडा, आणि कॉलेजच्या स्पॉक (एनपीटीईएलचं काम पाहणाऱ्या) सरांना किंवा मॅडमना कळवून ठेवा.

दुसरी पायरी: परीक्षेचा अर्ज

परीक्षा नोंदणीची लिंक वेगळी उघडते आणि कोर्स संपण्याच्या कितीतरी आधी बंद होते. तारीख कोर्सच्या पानावर आणि ईमेलवर येते. तो ईमेल 'प्रमोशन्स'मध्ये जाऊन पडतो, म्हणून दर आठवड्याला स्वतः पान उघडून पाहा. फी एका कोर्सला १००० रुपये आहे, आणि अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ती निम्मी, ५०० रुपये पडते. सवलत हवी असेल तर जातीचा दाखला किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अपलोड करावं लागतं. दाखला मोबाइलवर वेडावाकडा फोटो काढून चढवू नका. सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे दिसतील असा स्कॅन करा, शिक्का वाचता आला पाहिजे.

अलीकडचा पासपोर्ट आकाराचा फोटो, फोटो असलेलं ओळखपत्र, कॉलेजचा रोल नंबर आणि एबीसी आयडी एवढं जवळ घेऊन बसलात की अर्ज अर्ध्या तासात होतो. एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, तुमची क्रेडिट जिथे जमा होतात ते खातं. तिचा बारा अंकी आयडी डिजिलॉकरमधून काढता येतो. तो अर्ज भरायच्या दिवशी नाही, आठवडाभर आधी काढून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आपल्याकडे बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, 'पाटील स्नेहल सुनील' असं. आधारवर तेच 'स्नेहल सुनील पाटील' होतं. कुठे वडिलांचं नाव अख्खं असतं, कुठे नुसतं आद्याक्षर. एका वर्षी माझी एक विद्यार्थिनी लग्नानंतर कोर्स करत होती. आधार सासरच्या नावाने बदललेलं, कॉलेजची कागदपत्रं माहेरच्या नावाने, आणि अर्ज तिने घाईत तिसऱ्याच पद्धतीने भरलेला. परीक्षा पास झाली, पण क्रेडिट खात्यावर येईना. तिने गॅझेटची प्रत घेऊन तीन चकरा मारल्या. म्हणून सांगते, एबीसी खात्यावर जसं नाव आहे, अक्षर न् अक्षर तसंच अर्जात लिहा. प्रमाणपत्रावर तेच छापून येतं आणि नंतर बदलून मिळत नाही. दुरुस्तीची मुदत मिळाली तर त्या दिवसांत अर्जाची प्रिंट काढून घरच्या एखाद्याला वाचायला द्या. आपली चूक आपल्याला दिसत नाही.

केंद्रासाठी शहरांचे पसंतीक्रम विचारतात. जागा भरत जातात, त्यामुळे शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्या मुलाला जवळचं शहर मिळत नाही आणि पहाटेची एसटी पकडावी लागते. दोन कोर्स करत असाल तर दोन्ही पेपर एकाच वेळी येत नाहीत ना, हेही अर्ज भरतानाच तपासा.

मार्कांचं गणित

असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८ असाइनमेंटची सरासरी धरतात, त्यामुळे एखादा आठवडा आजारपणात गेला तरी घाबरू नका. प्रमाणपत्रासाठी दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं: असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०. असाइनमेंटचे पूर्ण २५ मिळाले आणि परीक्षेत २९, तर बेरीज ५४ होऊनही प्रमाणपत्र नाही. उलट परीक्षेत ३९ आणि असाइनमेंटचे २२ म्हणजे ६१, आणि प्रमाणपत्रावर 'एलिट' लागतं. ७५ पासून सिल्व्हर, ९० पासून गोल्ड.

असाइनमेंटची मुदत बहुधा बुधवारी रात्री ११:५९ ची असते, आणि बुधवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर उत्तरं फिरू लागतात. ती उतरवलीत तर २५ पैकी २५ पडतील, पण केंद्रात बसल्यावर हात रिकामे असतील. एक प्रश्न घ्या. १ ते १० मधले कोणतेही सहा आकडे निवडा, त्यांतल्या दोघांची बेरीज ११ येणारच. का? १ आणि १०, २ आणि ९, ३ आणि ८, ४ आणि ७, ५ आणि ६ अशा पाच जोड्या पाडा. आकडे सहा, जोड्या पाच, म्हणजे एका जोडीतले दोन्ही आकडे तुमच्या हाती आलेच. हे ज्याने वहीत लिहून पाहिलं, त्याला परीक्षेत "१ ते २० मधले किमान किती आकडे घेतले तर दोघांची बेरीज २१ येईलच" असं विचारलं तर तो दहा जोड्या पाडून अकरा लिहितो. ज्याने पर्याय 'ब' पाठ केला, तो अडकतो. पेपर तीन तासांचा, संगणकावर, निवडलेल्या केंद्रात जाऊन द्यायचा असतो. घरून देता येत नाही.

जाताना हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र न्या. मोबाइलमधला आधारचा फोटो गेटवर चालत नाही.

निकालानंतर प्रमाणपत्र पोस्टाने येत नाही, लॉगिनमधून पीडीएफ उतरवून घ्यायची असते. तिची प्रत, सुरुवातीला घेतलेली विभागप्रमुखांची लेखी परवानगी आणि क्रेडिट जमा करण्याचा विनंती अर्ज असे तीन कागद परीक्षा विभागात द्या, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.