भाकीत खरं ठरलं, म्हणून संदेष्टा खरा?

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या प्रार्थनासभांत एक समज पक्का बसलाय: सांगितलेलं घडलं की सांगणारा देवाचाच माणूस. बायबल असं म्हणत नाही. न घडलेलं भाकीत देवाचं नव्हे, हे बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (१८:२२) आहे, कबूल. पण त्याच पुस्तकाच्या १३व्या अध्यायात बजावलंय, की चिन्ह खरं ठरलं तरी सांगणारा दुसऱ्या देवांमागे नेत असेल तर त्याचं ऐकू नका.

शिवाय भाकीत कशाचं, तेही बघा. ‘मे-जूनमध्ये समुद्रात संकट दिसतंय’ हे कोकणात शेंबडं पोरही सांगेल. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडात धडकलं, पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. तारीख नाही, गाव नाही, मग चुकणार कसं?

शंका काढली की ‘माझ्या अभिषिक्तांना (म्हणजे देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका’ हे स्तोत्र १०५ मधलं वचन तोंडावर फेकतात. तिथे राजांना बजावलंय, अब्राहाम, इसहाक, याकोब या इस्राएलच्या मूळ पुरुषांना छळू नका म्हणून. प्रश्न विचारण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. उलट करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १४:२९) प्रेषित पौल सांगतो, दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी तो पारखावा. तेही भर उपासनेत!

पैशाचं तर विचारूच नका. ‘दिदाखे’ या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती नियमावलीनुसार, आत्म्याच्या नावाने ‘मला पैसे द्या’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. गरजूंसाठी मागितले तर मात्र दोष देऊ नये, असंही तिथेच आहे.